स्वतःहून लागणारा कपलर: बसवा, पण आधी एकदा आडवं होऊन खाली बघा

ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देतो. हो, स्वतःहून लागणारा कपलर (ट्रेलरच्या दांडीच्या टोकाची, गाडीमागच्या गोल बॉलवर बसणारी पकड) तुमच्या ट्रेलरवर बसवता येतो, आणि तुमच्या परिस्थितीत बसवावा असंच मी म्हणेन. पण तुम्ही शेवटी दोन ओळींत जो प्रसंग उरकलाय तो वाचून मला कपलरपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. म्हणून उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमची हकीकत थोडक्यात सांगतो. तुम्ही डॅलसजवळ राहता. ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, २६ फुटी, सामानासकट ७,६०० पौंडांपर्यंत परवानगी असलेला. ओढायला हाफ-टन (हलक्या वर्गातला) पिकअप, बॉल २ ५/१६ इंची, आणि मध्ये वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे दांडीवरचा भार बारांच्या जोरावर गाडीच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देणारी जोडणी. मिस्टरांच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून जोडणं-सोडणं तुमच्याकडे आलंय. कपलरचा लिव्हर तीनदा लावला तर एकदा तरी पूर्ण खाली बसत नाही, मग तुम्ही त्यावर पाय देऊन तो दाबता. मागच्या महिन्यात कॅम्पग्राउंडमधून निघताना पहिल्याच स्पीड ब्रेकरवर कपलर बॉलवरून उडाला, साखळ्यांनी धरला म्हणून निभावलं. आता बॉलवर ट्रेलर उतरवला की स्वतःहून लागणारा कपलर बसवायचा विचार आहे. तुमचे प्रश्न तीन: बसेल का, बोल्टने बसेल का, आणि वेल्डिंगचा कोर्स करणाऱ्या मुलाने तो घरीच जोडला तर चालेल का.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला. गेली १९ वर्षं इंडियानातल्या एल्कहार्ट भागात ट्रेलरच्या चौकटींवर काम करतोय. अमेरिकेतले बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी फिरती घरं, याच पट्ट्यात बनतात. आधी कारखान्यात होतो, आता दुरुस्तीच्या कामात आहे. दांडीच्या टोकाला लटकलेले, वाकलेले, चुकीचे जोडलेले कपलर बरेच बघितलेत. एक माझ्या स्वतःच्या ट्रेलरचाही होता, त्याबद्दल पुढे लिहितो.

तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि तुम्ही त्यांना एकाच नावाने हाक मारताय. पहिली अडचण शरीराची: वाकायचं, लिव्हर उचलायचा, ट्रेलर खाली घ्यायचा, परत वाकून लिव्हर दाबायचा, पिन घालायची. स्वतःहून लागणारा कपलर हिच्यावरच औषध आहे. दुसरी अडचण म्हणजे बॉल कपलरच्या वाटीत पूर्ण वर जातच नाही, किंवा गेला तरी जबडा त्याला नीट पकडत नाही. हिच्यावर नवा कपलर औषध नाही. उलट भीती अशी की आज लिव्हर अडून तुम्हाला सांगतोय तरी की काहीतरी चुकलंय. उद्या नवा कपलर खट्कन वाजेल आणि तुम्ही खाली न बघता निघाल.

जुना कपलर काम कसा करतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. वरून उलटी वाटी, ती बॉलवर बसते. वाटीच्या मागच्या बाजूला एक जबडा असतो, तो लिव्हर दाबला की बॉलच्या पोटाखाली सरकतो. बॉलचा सर्वांत जाड भाग जबड्याच्या वर गेला पाहिजे, तरच जबड्याला खाली जागा मिळते. बॉल अर्धा इंच जरी खाली राहिला, तर जबडा बॉलच्या कुशीला टेकतो आणि लिव्हर अर्ध्यावर अडतो. तुमचा लिव्हर अडतो तो बहुतेक वेळा असाच. त्यावर पाय दिला की दोनपैकी एक होतं: एक तर बॉल वर सरकतो आणि जबडा बसतो, नाहीतर जबडा किंवा त्याची कांडी वाकते आणि लिव्हर नुसताच खाली येतो. दुसऱ्या प्रकारात वरून सगळं ठीक दिसतं. पिनसुद्धा आत जाते.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. मिशिगनमधल्या एका तळ्याकाठी, ऑक्टोबरची संध्याकाळ, वर पाऊस, गाडीत पोरं भुकेने कावलेली. दांडी वर-खाली करणाऱ्या जॅकचा पाय जमिनीवर टेकलेलाच राहिला होता, ट्रेलरचा सगळा भार बॉलवर आलाच नव्हता. जबडा सैल होता, कारण आधीच्या मालकाने खालचा नट कधीतरी ढिला करून ठेवला होता. लिव्हर मस्त खाली बसला, मी पिन घातली, समाधानाने हात झटकले. बाहेर पडायच्या रस्त्यावर एक उंचवटा होता, तिथे दांडी उडाली आणि साखळ्यांवर आदळली. साखळ्या मी फुलीसारख्या आडव्या घातल्या होत्या, त्यामुळे दांडी रस्त्यावर न पडता त्या झोळीत पडली. नुकसान म्हणजे टेलगेटला एक पोचा आणि बायकोचे पुढचे दोन तासांचे टोमणे. हे काम करून पोट भरणारा मी, आणि माझ्याकडून हे झालं. तेव्हापासून लिव्हर, पिन आणि आवाज या तिघांवर मी एकदम विश्वास ठेवत नाही.

म्हणून नवा कपलर मागवण्याआधी एका शनिवारी सकाळी जुन्याकडे नीट बघा, शक्य असेल तर मुलाला बरोबर घेऊन. सपाट जागा निवडा आणि ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. आधी बॉलच्या डोक्यावरचा आकडा वाचा. हसू नका. २ इंची बॉलवर २ ५/१६ इंची कपलर लावलेले लोक मी पाहिलेत. फरक जेमतेम ८ मिलिमीटरचा आहे, लिव्हर बसतो, ट्रेलर ओढलाही जातो, आणि मग खड्डा येतो. आकडा बरोबर असेल तर वाटी आणि जबडा घासून पुसून घ्या. टेक्सासची धूळ आणि जुनं ग्रीस यांचं जे लगदा-मिश्रण होतं ते पॉलिश पेपरसारखं काम करतं, जबडा सरकत नाही. सांधे ब्रश आणि सॉल्व्हंटने मोकळे करा, लिव्हर हाताने दहा वेळा वर-खाली करा. तो बोटाच्या जोराने हलायला हवा.

मग ट्रेलर बॉलवर उतरवा आणि जॅकचा पाय जमिनीवरून पूर्ण उचला, म्हणजे सगळा भार बॉलवर येईल. ७,६०० पौंडांच्या ट्रेलरच्या दांडीवर साधारण १० ते १५ टक्के, म्हणजे ७६० ते ११४० पौंड भार असणार. एवढं वजन बॉलला वाटीत दाबायला पुरेसं आहे. तरी लिव्हर अडत असेल, तर गाडी इंचभर पुढे किंवा मागे घ्या. बऱ्याचदा पिकअप पार्क गिअरमध्ये टाकल्यावर किंचित सरकते आणि बॉल जबड्यावर रेलून बसतो. क्षणभर न्यूट्रल, मग हँडब्रेक, एवढ्यानेही लिव्हर सुटा होतो. सोडताना लिव्हर उघडत नाही त्याचं कारणही नव्वद टक्के वेळा हेच असतं. हातोड्याने ठोकत बसू नका.

एवढं करून लिव्हर बसला की टॉर्च घ्या आणि आडवं होऊन खालून बघा. जबडा बॉलच्या खाली आहे का? बॉल आणि जबडा यांच्यामध्ये नख जाईल एवढीच फट आहे, की पेन्सिल जाईल एवढी? फट मोठी असेल तर खालच्या नटने जबडा जवळ आणता येतो. प्रत्येक कंपनीची रीत थोडी वेगळी असते, पण तत्त्व एकच: बॉल वाटीत असताना नट घट्ट करत जायचा, जबडा टेकला की अगदी थोडा मागे घ्यायचा. जबड्याची कडा गोल झाली असेल, कांडी वाकली असेल, किंवा लिव्हरची भोकं लंबगोल झाली असतील, तर त्या कपलरचं आयुष्य संपलं. तुमचा एकदा उडालाय आणि त्यावर अनेकदा पाय पडलाय, म्हणून मला तो संपलेलाच वाटतो. पण हे मी फोटो न बघता बोलतोय.

शेवटी जॅकची चाचणी. कपलर लावून, पिन घालून, जॅक पुन्हा खाली टेकवा आणि वर चढवत जा. ट्रेलरच्या दांडीबरोबर पिकअपचा मागचा भागही इंच-दोन इंच वर आला पाहिजे. बॉल खरोखर पकडलेला असेल तरच गाडी उचलली जाते, नाहीतर कपलर बॉलवरून सुटून वर येतो, आणि तेही अंगणात, रस्त्यावर नाही. तुमच्याकडे वेट डिस्ट्रिब्युशनचे बार आहेत, ते चढवताना गाडी-ट्रेलर एकत्र उचलावे लागतातच. म्हणजे ही चाचणी तुम्हाला फुकटात मिळते. मागच्या महिन्यात निघताना बार चढवायला तुम्ही जॅक वापरला होता का, की घाईत दांडक्याने ओढून चढवले? विचारतोय कारण जॅकने उचललं असतं तर त्याच वेळी कळलं असतं.

आता नव्या कपलरकडे. स्वतःहून लागणाऱ्यात जबड्यामागे स्प्रिंग असते. ट्रेलर खाली येतो, बॉल जबड्याला मागे ढकलत आत शिरतो, बॉलचं पोट वर गेलं की स्प्रिंग जबड्याला परत खाली सारते आणि हँडल आपोआप बंद स्थितीत येतं. वाकून लिव्हर दाबणं वाचलं. काही प्रकारांत आधी हँडल उघड्या जागेवर अडकवून ठेवावं लागतं, काहींत तेही नाही, त्यामुळे बरोबर येणारा कागद वाचा. सोडताना मात्र हँडल हातानेच उघडावं लागतं. आणि पिन घालायला वाकावं लागतंच, तेवढी कसरत सुटत नाही.

हे काही नवं तंत्र नाही. युरोपातल्या कॅरव्हॅनवाल्यांकडे ५० मिलिमीटरच्या बॉलवर दाबून बसणारी कपलिंग कित्येक वर्षं आहेत. इंग्लंडात कॅरव्हॅन बाळगणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा, बॉल पकडायला लिव्हर दाबायची भानगड त्याला परकी वाटेल. आल-कोसारख्या कंपन्यांच्या कपलिंगवर हिरवी खूणही असते, ती दिसली तरच बॉल नीट पकडला असं समजायचं. फक्त तिथले ट्रेलर हलके, दांडीवरचा भार शंभर किलोच्या आसपास. आपल्याकडे त्याच्या चार-पाचपट. शिवाय तिथे डोलणं थांबवायला कपलिंगमध्येच घर्षणाचे पॅड असतात, त्यामुळे बॉलला ग्रीस लावायची सक्त मनाई असते. आपल्याकडे ग्रीस लावतात. म्हणून तिकडचे सल्ले इकडे जसेच्या तसे वापरू नका, आणि इकडचे तिकडे.

स्प्रिंगच्या कपलरचं एक दुखणं मी इथे उत्तरेत बघतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, जबड्याचा सांधा गंजतो, आणि स्प्रिंगमध्ये माणसाच्या हाताएवढा जोर नसतो. मग जबडा अर्ध्यावर थांबतो. हँडल जवळजवळ बंद दिसतं, बोटभर वर राहतं, आणि पिनचं भोक जुळत नाही. इथे पिन ही तुमची तपासनीस आहे. पिन जात नसेल तर ती जबरदस्तीने कोंबायची नाही, बारीक पिन शोधायची नाही, खाली बघायचं. तुमच्याकडे मिठाऐवजी धूळ आहे, पण दर दोन-तीन सहलींनी सांधा धुऊन तेल देणं चुकवू नका.

तुमच्या ट्रेलरवर बसेल का, हे काही मोजमापांवर अवलंबून आहे. दांडी इंग्रजी ए अक्षरासारखी असेल, आणि असणारच, तर दोन बाहूंमधला कोन बहुधा ५० अंश असतो. बाजारातले ए-फ्रेम कपलर त्याच कोनासाठी बनतात. तरी कोनमापकाने तपासा. कपलरवर बॉलचा आकार आणि जास्तीत जास्त वजन ठोकलेलं असतं. २ ५/१६ इंचीत १०,००० किंवा १४,००० पौंडांचे सर्रास मिळतात. १४,००० चा बसवला म्हणजे तुमचा ट्रेलर १४,००० चा होत नाही हे लक्षात असू द्या. बॉल, बॉलचा दांडा, रिसीव्हर (गाडीमागे तो दांडा ज्यात घुसतो ती चौकोनी नळी), गाडी, ट्रेलर, यांत सर्वांत लहान आकडा ज्याचा, तोच खरा.

त्यानंतर ज्या गोष्टीकडे जवळजवळ कुणीच बघत नाही ती: बॉलच्या मध्यापासूनचं अंतर. जुन्या कपलरमध्ये बॉलचा मध्य कुठे येतो त्याची दांडीवर खडूने खूण करा आणि तिथून जॅकच्या भोकापर्यंत, गॅसच्या टाक्यांपर्यंत आणि वेट डिस्ट्रिब्युशनच्या बारची टोकं जिथे टांगली जातात त्या कंसांपर्यंत मोजून वहीत लिहून ठेवा. नवा कपलर इंचभर आखूड निघाला तर ते कंस सरकवावे लागतील, नाहीतर बारांच्या साखळ्या तिरक्या ओढतील. आखूड कपलरचा दुसरा चटका म्हणजे टेलगेट. दांडी गाडीच्या जवळ आली की टेलगेट उघडताना जॅकच्या डोक्यावर आपटतं. माझ्याकडे एक गृहस्थ नुसतं हे दुरुस्त करायला आले होते. कपलर उत्तम बसवलेला होता, काम चोख होतं, पण बसवणाऱ्या दुकानात कुणी मोजलंच नव्हतं. नव्या विजेच्या जॅकचं डोकं पुन्हा जुन्याहून मोठं होतं.

जॅकचंही बघा. अनेक ए-फ्रेम कपलरच्या मागच्या पत्र्यालाच जॅकसाठी सव्वादोन इंची भोक आणि तीन बोल्टांची जागा असते. जुन्यात ती होती आणि नव्यात नसेल, तर जॅक कुठे टेकणार? आणि कपलरखाली हिचच्या डोक्याला फिरायला जागा हवी. काही कपलरच्या खाली नट किंवा जबड्याचं नाक लोंबतं आणि तीव्र वळणावर ते हिचच्या डोक्याला घासतं. म्हणून निवडण्याआधी बनवणाऱ्याच्या माहितीत वेट डिस्ट्रिब्युशन हिचबरोबर चालेल असं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. लिहिलं नसेल तर फोन करून विचारा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बोल्टचं उत्तर बहुतेक वेळा नाही असं आहे. सरळ एकाच दांडीच्या बोटीच्या किंवा मालाच्या ट्रेलरवर चॅनेलला बोल्टने बसणारे, वर-खाली करता येणारे कपलर असतात, ते बघून लोकांना वाटतं की आपलाही तसाच बदलेल. ए-फ्रेमचा कपलर दोन बाहूंना बाहेरून मिठी मारून बसतो आणि वेल्डिंगनेच धरला जावा असा त्याचा आराखडा असतो. त्यात आपल्या मनाने भोकं पाडून बोल्ट घातले तर दांडी जिथे सर्वांत भक्कम हवी तिथेच पोखरली जाते. बनवणाऱ्याने बोल्टची सोय स्वतः दिली असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे जुना कापायचा आणि नवा वेल्ड करायचा. खरी कसोटी कापण्यात आहे. इथल्या दांड्यांचं पोलाद काही फार जाड नसतं. नवशिका ग्राइंडर घेऊन जुन्या वेल्डिंगवर तुटून पडतो आणि त्याबरोबर दांडीचाही पाव हिस्सा खरवडून काढतो. मग नवा कपलर पातळ झालेल्या धातूवर जोडला जातो, वर काळा रंग मारला की सगळं झाकलं जातं. एकदा माझ्यासमोर असा एक ट्रेलर आला होता. वेल्डिंगची शिवण दिसायला सुबक, आणि तिच्याच काठावर, खाली, केसाएवढी चीर. रंग खरवडल्यावर दिसली. माझी पद्धत अशी की जुना कपलर बळी द्यायचा: त्याचे पत्रे वेल्डिंगपासून अर्धा इंच आत कापून काढायचे, आणि उरलेल्या पट्ट्या हळूहळू, दांडीला ओरखडा न येऊ देता घासायच्या. वेळ लागतो. दुकानात मजुरी सुट्या भागापेक्षा जास्त येते ती यामुळेच, आणि ती द्यावी.

जोडताना शिवण दांडीच्या लांबीच्या दिशेने, दोन्ही बाजूंना, बनवणाऱ्याच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे. वरच्या-खालच्या पट्टीवर आडवी शिवण मारून दांडी जणू कापून ठेवायची नाही, कारण तिथून चीर सुरू व्हायला कारण मिळतं. आधी चार टाके मारून बॉल लावून, दोरी धरून कपलर मधोमध आहे का बघायचं, मगच पूर्ण शिवण. गॅल्व्हनाइज केलेला कपलर असेल तर वेल्डिंगच्या जागचा जस्ताचा थर आधी काढायचा, त्याचा धूर फुफ्फुसाला वाईट. वेल्डर निवडताना त्याने पोलादी बांधकामाच्या एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) डी१.१ नियमावलीप्रमाणे परीक्षा दिली आहे का हे विचारा. ट्रेलरच्या दांड्या करतो का हे तर विचाराच.

गॅसच्या टाक्या विसरू नका, त्या कपलरच्या मागे हातभर अंतरावर आहेत. त्या बंद करून, सोडवून, दुसरीकडे नेऊन ठेवायच्या. नुसता व्हॉल्व्ह बंद करणं पुरेसं नाही. बॅटरी सुटी करायची, गाडीला जोडलेली सात पिनांची केबल काढायची, घराच्या विजेचा प्लग काढायचा. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा दांडीवरच, शिवणीजवळ लावायचा, चाकाजवळ नाही, नाहीतर विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्या गोळ्यांना खड्डे पाडतो. ब्रेकच्या वायरी आणि गॅसची नळी दांडीच्या आतून किंवा खालून गेलेली असते, ती कुठे आहे हे आधी हाताने चाचपा.

इथे मला आमच्या गावाकडचं एक आठवतं, विषयांतर होईल पण सांगतो. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला बॉल नसतो, कपलर नसतो. ट्रॅक्टरच्या मागे हुक, ट्रॉलीच्या दांडीला रिंग, मधून एक जाड पिन. ट्रॅक्टर मागे येतो आणि एक पोरगा रिंग हाताने धरून भोक जुळवतो. भोक जुळलं की दुसऱ्या हाताने पिन. किती जणांची बोटं त्यात गेली असतील! माझे काका ट्रॅक्टरवाल्याला ओरडायचे, "आधी थांब, मग हात घालतो." थांबलेल्या गाडीतच हात. हाच नियम मी इथेही पाळतो: चाकांना ठोकळे, गाडीला हँडब्रेक, इंजिन बंद, मगच कपलरजवळ बोटं. स्वतःहून लागणाऱ्या कपलरचं मला सर्वांत आवडतं ते हेच, बॉल वाटीत शिरत असताना तिथे हात असण्याची गरजच उरत नाही. तुम्ही एकट्या जोडता म्हणून मी बसवा म्हणतोय त्यामागे पाठीपेक्षा हे कारण मोठं आहे.

बसवल्यानंतर पहिल्या सहलीआधी अंगणात पाच-सहा वेळा जोडून-सोडून बघा, प्रत्येक वेळी जॅकची चाचणी करून. कॅमेरा नसेल तर टेलगेटवर लावायचा एखादा साधा बिनतारी कॅमेरा घ्या. नवा कपलर बॉलवर नेमका आणण्याचं काम करत नाही, ते तुम्हालाच करायचंय, आणि बॉल वाकडा शिरला तर स्प्रिंगवाला जबडाही हट्टाला पेटतो. साखळ्या फुलीत, दांडीच्या चौकटीला जोडलेल्या. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणाऱ्या स्विचची तार साखळीला नाही, गाडीच्या रिसीव्हरला वेगळी. तुमच्या प्रसंगात ती तार ओढली गेली होती का? गेली असेल तर तो स्विच आणि त्याची पिन एकदा तपासून घ्या. पहिल्या दोन-तीनशे मैलांनंतर शिवणीवरून नख फिरवा आणि रंगात बारीक रेघ दिसते का बघा. जुनं कुलूप नव्या कपलरला बसेलच असं नाही, ते वेगळं घ्यावं लागेल.

आता मुलाबद्दल. त्याच्या हातात कला असेल, मला शंका नाही. माझ्याकडे कारखान्यात वीस-बावीस वर्षांची पोरं होती, माझ्याहून सरळ शिवण मारायची. पण कोर्समध्ये शिकलेला मुलगा टेबलावर, स्वच्छ पट्ट्यांवर, बसून वेल्ड करतो. इथे जुन्या रंगावर, गंजावर, डोक्यावर हात करून, पातळ दांडीवर काम आहे, आणि चूक झाली तर ती आय-३५ महामार्गावर ताशी साठ मैलांच्या वेगात कळते, तीही आईच्या हातात स्टिअरिंग असताना. त्याला वेल्डरच्या दुकानात बरोबर घेऊन जा, उभं राहून बघू दे, मोजमापं त्याच्याकडून घेऊन घ्या. बारचे कंस सरकवणं, जॅक बसवणं, वायरी बांधणं हे सगळं त्याला करू द्या. घरी हात साफ करायला त्याला परसातल्या फाटकाची बिजागरी द्या. मी माझ्या मुलाला तीच दिली होती, आणि ते फाटक अजून लागताना करकरतं.

कपलरच्या वरच्या बाजूला ठोकलेला आकडा आणि खालून जबड्याचा एक फोटो टाका. जुना वाचण्यासारखा आहे की नाही ते मग नक्की सांगतो.